हुंकाराला उत्तर देणारी माय

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळकडची गावं दुपारी ओस पडतात. घरी उरते बाळंतीण आणि तिचं तीन-चार महिन्यांचं लेकरू. ते हुंकार देतं, माय म्हणते, ‘काय म्हंते माह्यं सोनं?’ ते हसून पुन्हा हुंकारतं. लेकराच्या मेंदूची जडणघडण अशा सवाल-जवाबातून होते. बोलणं, भावना सावरणं, माणसांवर विसंबणं, सगळ्याची सुरुवात इथली.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970च्या दशकात आयांना काही मिनिटं बाळासमोर निर्विकार चेहऱ्यानं बसायला सांगितलं. बाळांनी आधी हसून, हात पुढे करून आईला बोलतं करू पाहिलं. जमेना, तेव्हा ती कावरीबावरी झाली आणि तोंड फिरवून बसली. ही काही मिनिटांची गोष्ट. बाळंतपणानंतर आईला येणाऱ्या नैराश्यात हेच महिनोन्‌महिने चालू शकतं. बाई दूध पाजते, न्हाऊ घालते, पण आवाजातला चढउतार जातो, हुंकाराला उत्तर उशिरा मिळतं किंवा मिळतच नाही.

अशा आयांची काही मुलं उशिरा बोलतात, काही फार चिडचिडी होतात. सगळीच नाही, बाप, आजी, मावशी बोलत्या असतील तर बरंच सावरतं. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांच्या आत ओसरणारं रडू वेगळं, हे नैराश्य त्यापुढे टिकतं. गावात त्याला ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात, नाहीतर ‘आळशी झाली’. दुसरा शब्द मला जास्त छळतो, कारण ती बाई आधीच स्वतःला दोष देत असते.

गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांना नैराश्यग्रस्त आयांची बाळं सहाव्या महिन्यात वजन-उंचीत मागे राहण्याचा धोका जास्त दिसला. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलाची आस असताना झालेली मुलगी, या गोष्टींनी आयांचं नैराश्य वाढत होतं. विदर्भातल्या घरांना यातलं काय अनोळखी आहे?

उपाय मात्र आवाक्यातला आहे. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गावातल्याच आरोग्य सेविकांना गरोदरपणातच नैराश्यात असलेल्या बायकांसाठी समुपदेशन शिकवलं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा अशा बायकांपैकी त्यांच्याकडच्या 23 टक्केच अजून नैराश्यात होत्या, इतर गावांत 53 टक्के. बाळांचे जुलाब कमी झाले, लसीकरण वाढलं, आईबाप त्यांच्याशी जास्त खेळू लागले.

दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई पहिल्या 42 दिवसांत सहा वेळा घरी येतात, बाळाचं वजन करतात. तेवढ्यात बाळंतिणीलाही विचारता येतं: ‘दोन आठवडे झाले, मन उदास राहते का? कशातच जीव रमत नाही का?’ उत्तर ‘हो’ आलं, तर पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांकही. फोन लागेपर्यंत लेकरू सासूच्या मांडीवर द्यावं आणि बाईला तासभर झोपू द्यावं.