वजन किती, की आठवडे किती?

बाळ काचेच्या पेटीत ठेवलंय म्हटलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: 'वजन किती भरलं?' एनआयसीयूतले, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातले डॉक्टर मात्र फाइलमध्ये आधी गर्भारपणाचे आठवडे बघतात. कमी वजनाचं आणि कमी दिवसांचं ही एकच गोष्ट नाही.

२०२० मधली दोन बाळं घ्या. जूनमध्ये सिंगापूरला आईचा रक्तदाब वाढल्यामुळे तातडीनं सिझेरियन झालं. २५ आठवडे भरायला एक दिवस बाकी होता, वजन फक्त २१२ ग्रॅम. जुलैत अमेरिकेतल्या अलाबामात जन्मलेलं बाळ ४२० ग्रॅमचं, म्हणजे जवळपास दुप्पट. पण आठवडे २१ आणि वर एक दिवस! अलाबामातल्या बाळाचं वजन त्याच्या दिवसांना साजेसंच होतं. सिंगापूरचं पोटातच उपाशी राहिलेलं. दोन्ही जगली, पण महिनोन्‌महिने दवाखान्यात काढून.

३७ आठवड्यांआधीचं ते अपुऱ्या दिवसांचं, २८ च्या आधीचं अतिअपुरं. अडीच किलोच्या आतलं ते कमी वजनाचं, मग दिवस भरलेले असोत वा नसोत.

पूर्ण दिवसांचं दोन किलोचं बाळ सहसा जोरात रडतं, अंगावरचं दूध ओढतं. अंगात चरबी नसल्यानं ते गार पडतं, साखर उतरते, तिकडे लक्ष ठेवायचं. ३२ आठवड्यांचं बाळही पावणेदोन किलो भरतं, पण चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्याशिवाय बसत नाही. म्हणून दूध नळीनं. शिवाय ते श्वास घ्यायलाच विसरतं! मॉनिटर वाजतो, सिस्टर तळपायाला टिचकी मारतात, बाळ दचकून श्वास घेतं. यावर औषध कॅफिन, हो, कॉफीतलंच.

२८ च्या आत तर फुप्फुसांना आतून उघडं ठेवणारं सर्फॅक्टंटच अपुरं. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखी ती चिकटतात. म्हणून आईला प्रसूतीआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि गरज पडल्यास बाळाच्या श्वासनलिकेत सर्फॅक्टंट. मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटण्याची धास्ती वेगळीच. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी मात्र आपल्याकडे दोन्ही निकषांवर ठरते: ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत. पहिली तपासणी महिन्याच्या आत व्हायलाच हवी. बाळ छान दूध पितंय म्हणून ती टाळू नका.

घरी आल्यावर 'सहा महिन्यांचा झाला, अजून पालथा पडत नाही?' हे ऐकावं लागतंच. २८ आठवड्यांना जन्मलेल्याच्या वयातून साधारण तीन महिने वजा करा. पूर्ण दिवसांच्या बारीक बाळाला ही सूट नाही. लसी मात्र दोघांनाही जन्मतारखेनुसारच.