इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को: लांबून गेलं तर लवकर पोचतं, ते कसं?

आमच्या इंदुरात मराठी घरांमधली बरीच मुलं अमेरिकेत आहेत, त्यामुळे आईवडिलांची तिकिटं निघाली की गूगलवर पहिलं काय बघतात तर अंतर. इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को सरळ मोजलं तर साधारण 13,000 किलोमीटर, विमान ताशी 900 ने उडतं, भागिले केलं की झालं, साडेचौदा तास! पण असं होत नाही हो. एकतर इथून डायरेक्ट फ्लाइट नाही, दिल्लीला किंवा आणखी कुठेतरी बदलावंच लागतं, आणि दुसरं म्हणजे हे "सरळ" अंतर ज्या रस्त्याने आहे त्या रस्त्याने विमान बहुतेक वेळा जातच नाही.

पृथ्वीच्या गोलावर दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दोरा ताणून बघा, तो तिबेट, सायबेरिया करत पार आर्क्टिकपर्यंत चढतो आणि अलास्कावरून खाली येतो. 12,400 किलोमीटरच्या आसपास. आता तिबेटची गंमत अशी की केबिनमधला हवेचा दाब गेला तर पायलटला विमान झटपट तीनेक हजार मीटरवर आणावं लागतं, आणि तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर उंच, मग उतरणार कुठे? म्हणून विमानं तो भाग शक्यतो टाळतात.

एअर इंडियाची दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट आधी अटलांटिकवरून जायची, साधारण 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी ती उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेली. अंतर झालं 15,300, म्हणजे 1,400 किलोमीटर जास्त, आणि पोचली साडेचौदा तासांत, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर!

ही सगळी करामत जेट स्ट्रीमची. विषुववृत्ताकडची गरम हवा, ध्रुवाकडची थंड हवा आणि पृथ्वीचं फिरणं यामुळे 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार पट्टा वाहतो, ताशी दीडशे-दोनशे तर सहज, हिवाळ्यात त्याहून बराच जास्त. विमान हवेत 900 नेच उडतं पण ती हवाच पुढे पळतेय, त्यामुळे जमिनीच्या हिशोबाने वेग वाढतो. 15,300 ला साडेचौदाने भागून बघा ना, 1,055 येतात. अटलांटिकवरून जाताना हाच वारा तोंडावर.

काही जण म्हणतात पृथ्वी खाली फिरतेय मग पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला हवं. नाही, हवा पृथ्वीबरोबरच फिरते, विमानही, ते लॉजिक सोडा.

तारखेचा घोळ मात्र खरा आहे. पॅसिफिकवरून गेलेली ती पहिली फ्लाइट रविवारी पहाटे दिल्लीहून निघाली आणि तिकडे रविवारीच सकाळी उतरली, मधे डेट लाइन (पॅसिफिकमधली काल्पनिक रेषा, पूर्वेकडे ओलांडली की तारीख एक दिवस मागे जाते) ओलांडल्यावर काही तास चक्क शनिवार. शनिवारचा उपास करणाऱ्या काकूंनी त्या वेळात आलेला ट्रे घ्यायचा की परत करायचा, हे विज्ञान सांगू शकत नाही.