'डिजिटल' हे विशेषण आलं कुठून आणि पोचलं कुठवर

आपल्याकडं डिजिटल हे विशेषण कशालाही लागतं. सही डिजिटल, सातबारा डिजिटल, झेडपीची शाळा डिजिटल, आणि कोल्हापूर-सांगलीकडं तर चौकात भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो ना, तोही 'डिजिटल फलक'च.

मूळ लॅटिन शब्द डिजिटस, म्हणजे बोट. बोटांवर मोजतात म्हणून मग इंग्रजीत ० ते ९ हे आकडे म्हणजे डिजिट. यंत्रांना हे विशेषण लावायचं सुचवलं जॉर्ज स्टिबिट्झ या अमेरिकन गणितज्ञानं, १९४२ मध्ये. तेव्हा युद्ध चालू होतं, विमानं पाडणाऱ्या तोफांचा नेम साधून देणाऱ्या यंत्रांवर काम चाललेलं, त्यातल्या विजेच्या ठोक्यांवर चालणाऱ्या काहींना 'पल्स' म्हणायचे, ते नाव याला काही पटेना. हा गडी भारीच होता, १९३७ साली यानं घरी किचनच्या टेबलावर टेलिफोनचे रिले (विजेनं उघडझाप होणारे स्विच), बारके बल्ब आणि पत्र्याच्या पट्ट्या जोडून बेरीज करणारं सर्किट बनवलेलं, त्याचं नाव मॉडेल के, के म्हणजे किचनचा.

तर डिजिटल म्हणजे सुट्ट्या आकड्यांत मोजणारं. पाऱ्याच्या थर्मामीटरमध्ये पारा हळूहळू सरकत चढतो, ते अ‍ॅनालॉग. डिजिटल असायला स्क्रीन, वीज, इंटरनेट यातलं काहीच लागत नाही, त्या हिशोबानं पहिलीतली मण्यांची पाटीसुद्धा डिजिटलच की!

गडबड बहुतेक घड्याळांनी केली. १९७२ मध्ये पल्सार नावाचं लाल चमकत्या आकड्यांचं मनगटी घड्याळ आलं, किंमत २१०० डॉलर, पुढं ही घड्याळं स्वस्त होत गेली आणि चमकणारे आकडे म्हणजे डिजिटल हे लोकांच्या डोक्यात फिट बसलं. फ्लेक्सची गोष्ट वेगळी, आधी पेंटर ब्रशनं कापडावर बोर्ड रंगवायचे, मग कॉम्प्युटरवरून थेट छापणारी मशीनं आली, ते डिजिटल प्रिंटिंग, आणि बोलता बोलता प्रिंटिंग गळालं नि डिजिटल तेवढं उरलं.

२०१५ ला डिजिटल इंडिया आल्यावर अर्थ आणखी सैल झाला, ऑनलाइन मिळेल ते सगळं डिजिटल. त्याचाच फायदा आता भामटे घेतात. 'डिजिटल अरेस्ट'मधलं डिजिटल म्हणजे निव्वळ व्हिडिओ कॉल, पलीकडं वर्दी घातलेला तोतया, आणि कायद्यात असली अटकच नाही. असा फोन आला तर कट करून सरळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लावायचा.