माशाने घर बदललं, वाटणी कोण बदलणार?

उत्तर अटलांटिकातला मॅकरेल आपल्या बांगड्याच्याच कुळातला. त्याच्या पोटात हवेची पिशवी नसते. पोहणं थांबलं की तो बुडू लागतो, कल्ल्यांतून वाहणारं पाणीही थांबतं. जन्मभर फिरत राहणाऱ्या अशा माशाची वाटणी कशी करायची, यावर युरोपातले देश पंधराएक वर्षं भांडत आहेत.

२००६ साली आइसलँडला हा मासा जेमतेम ४ हजार टन मिळाला होता. २००८ मध्ये तो १ लाख टनांवर गेला. समुद्र तापला होता आणि वाढलेले थवे खाद्य शोधत वायव्येकडे सरकले होते. त्याच वर्षी आइसलँडच्या बँका कोसळल्या, त्यामुळे दारात आलेलं हे धन कोण सोडणार? मासा आमच्या पाण्यात चरून पोसतो, असं आइसलँडचं म्हणणं. अंडी आयर्लंडच्या पश्चिमेला घातली जातात आणि पिढ्यान् पिढ्या जाळी आम्हीच टाकली, हे युरोपीय संघाचं. मला दोन्ही बाजू प्रामाणिक वाटतात. ऑगस्ट २०१० मध्ये तर स्कॉटलंडच्या पीटरहेड बंदरात चिडलेल्या मच्छीमारांनी, आइसलँडसारखाच जास्त वाटा मागणाऱ्या फॅरो बेटांच्या जहाजाला मासा उतरवू दिला नाही.

मासा मोजण्यावरून मात्र एवढं भांडण नाही. दर तीन वर्षांनी जहाजं समुद्रातून अंडी गाळून काढतात आणि त्यावरून माद्यांचा अंदाज बांधतात. शिवाय जिवंत माशाच्या पोटात बोटाच्या पेराएवढी काचेची खूणचिठ्ठी सरकवून त्याला सोडतात. पुढे कधीतरी तो कारखान्याच्या पट्ट्यावरून जाताना यंत्र ती चिठ्ठी वाचतं. यातून समुद्राचा अभ्यास करणारी कोपनहेगनची आंतरराष्ट्रीय परिषद, ‘आयसीईएस’, वर्षाला किती टन पकडावे ते सांगते.

हा आकडा अनेक वर्षं बहुतेकांनी मान्य केला, पण सगळ्यांना पटणारी वाटणी झाली नाही आणि वाटा बहुतेकांनी स्वतःच ठरवला. ज्याच्या हाती ससा तो पारधी! सगळ्यांच्या कोट्यांची बेरीज वर्षानुवर्षं सल्ल्याच्या वर जात राहिली. म्हणून २०१९ मध्ये या माशाचं ‘शाश्वत’ प्रमाणपत्र स्थगित झालं, आणि २०२६ साठी परिषदेने ७० टक्के कपात सुचवली.

वाटा कायमचा न ठरवता थवे सरकतील तसा बदलणारा करार हवा, असं मला मनापासून वाटतं. कारण २०२० नंतर आइसलँडच्या पाण्यातले उन्हाळी थवे पुन्हा विरळ झाले आहेत. मासा आता नॉर्वेच्या बाजूला जास्त सापडतो.