टायर कोरं होतं पण म्हातारं झालं होतं

मागच्या एप्रिलात भाचा धुळ्याहून आला, त्याला ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या वेगाच्या शर्यतीत, उतरायचंय, गाडी आरएक्स हंड्रेड, इंजिनचं सगळं काम झालेलं आणि वर दोन "नवीन" टायर. ओळखीच्या दुकानात गोडाऊनमध्ये पडून होते म्हणे, अर्ध्या किमतीत मिळाले. टायर खरंच कोरे, नव्या टायरवर जे रबराचे बारीक केस असतात ना ते पण तसेच. मी खाली बसलो, मोबाईलचा टॉर्च लावला आणि साईडवरचा तो छोटा लांबट गोल शोधला. त्यात चार आकडे, ३२१४. पहिले दोन म्हणजे आठवडा, नंतरचे दोन म्हणजे वर्ष. २०१४ चा ३२ वा आठवडा, म्हणजे ऑगस्ट. दहा वर्षं उलटून गेली होती.

"पण मामा हे तर चाललंच नाहीये!"

इथंच सगळे फसतात. नक्षी किती उरली त्यावरून झीज कळते, वय नाही कळत, आणि रबर उभ्या उभ्याच म्हातारं होतं.

कच्चं रबर उन्हात चिकट होतं नि थंडीत कडक, त्यात गंधक घालून तापवलं की ते टिकाऊ होतं हे चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलं. गंधक काय करतं तर रबराच्या लांबच लांब साखळ्यांना मधे मधे गाठी मारतं. आपल्या घरच्या बाजेसारखं समजा, सुंभाची वीण मापात असली की बाज झोके खाते, बसलं की दबते, उठलं की परत वर येते. आता त्याच विणीत कोणी रोज चार गाठी जास्तीच्या मारत गेलं तर? टायरमध्ये हेच होतं, हवेतला ऑक्सिजन आत शिरतो, जास्तीच्या गाठी पडतात, काही ठिकाणी साखळ्याच तुटतात, रबर कडक होतं आणि रस्त्याला चिकटायचं सोडतं. आणि उष्णता वाढली की हे सगळं भराभर होतं, साधा अंदाज असा की १० अंश वाढले की वेग जवळपास दुप्पट. आता आपल्या जळगाव-भुसावळला मे महिन्यात ४५ च्या पुढं पारा जातो, त्यात पत्र्याचं गोडाऊन, विचार करा आत काय होत असेल.

दुसरा शत्रू ओझोन. वेल्डिंग जिथं चालतं किंवा ठिणग्या उडणाऱ्या विजेच्या मोटारी जिथं असतात तिथं तो तयार होतो, म्हणून अशा जागी टायर ठेवूच नका. कंपनी रबरात मेण आणि ओझोनला अडवणारी रसायनं घालते, ती हळूहळू वर येऊन पातळ थर धरतात, पण टायर फिरलं, दबलं-फुगलं तरच ती नीट वर येतात. म्हणजे पडून राहिलेलं टायर उलट लवकर वाळतं.

आमच्या इथल्या पंक्चरवाल्या आबांनी टायर हातात घेतलं, अंगठ्याचं नख दाबलं, खूणच उमटेना. म्हणाले, "भाऊ, हाई टायर मरेल शे," म्हणजे हे मेलेलं आहे. मग ब्लेडनं नक्षीची एक पट्टी कापली आणि उलटी वाकवली. नक्षीच्या खाचेच्या तळाशी, वरून बघितलं तर काहीच दिसत नव्हतं, तिथं बारीक भेगा उघडल्या, मे महिन्यातल्या काळ्या मातीच्या शेतासारख्या. भाचा गप्पच झाला.

बाजारात जाण्यापुरतं असं टायर कदाचित चालूनही जाईल, रेसमध्ये नाही, कारण वेग दुप्पट झाला की टायर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. हिशोब करून बघा. चाकाच्या मध्यापासून ३० सेंटीमीटरवर १० ग्रॅमचा रबराचा तुकडा आहे, ताशी १०० किलोमीटरला तो साधारण २.६ किलोच्या जोरानं बाहेर ओढला जातो, २०० ला साडेदहा किलो आणि ३०० ला साडेतेवीस किलोच्या पुढं! एवढासा तुकडा आणि त्याला धरून ठेवणार कोण, तर तेच भेगाळलेलं रबर. अमेरिकेत युटामधल्या बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर रॉकी रॉबिन्सननं २०१० मध्ये ताशी ६०५ किलोमीटरचा मोटरसायकल विक्रम केला, तिथं हा जोर ३०० च्या चौपट होतो.

वर उष्णता. २०० च्या वेगात टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला जवळजवळ ३० वेळा दबतो नि सुटतो, हवा कमी असली तर जास्तच दबतो, आणि एका मर्यादेनंतर तो पूर्ण सुटायच्या आतच परत जमिनीवर येतो, मग टायरवर लाटा उठतात आणि काही क्षणात ते आतून भाजून निघतं. साईडवर शेवटी जे अक्षर असतं ते ह्याच्यासाठी, पी म्हणजे १५०, एस १८०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. पण हे आकडे चांगल्या टायरचे, बरोबर हवेचे, म्हाताऱ्या टायरला ते लागू नाहीत.

बऱ्याच कंपन्या सांगतात की ५ वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि १० वर्षं झाली की नक्षी असली तरी काढून टाका. हे रोजच्या गाडीचं. रेसला मी तर दोन वर्षांच्या वरचं बसवू देणार नाही, माझं मत आहे, पण ठाम आहे. तीन आकडी कोड दिसला तर ते २००० च्या आधीचं, जुनी राजदूत सजवताना असली टायरं निघतात, ती शोभेलाच ठेवा. आणि रेसमध्ये वापरून काढलेले स्लिक, म्हणजे बिननक्षीचे गुळगुळीत टायर, स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका रे पोरांनो, प्रत्येक वेळी तापून गार झालं की रबर अजून कडक होतं, तारीख ताजी असली तरी.

मागच्या महिन्यात भाच्यानं दुकानातूनच फोन केला. "मामा, शून्य सहा पंचवीस आहे, भेगा नाही, नख पण रुततंय. घेऊ?"

"मागचं पण बघितलं का?"

"थांब, ते पलीकडच्या बाजूला आहे." थोडा वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. "ते पण शून्य सहा पंचवीस."

"घे मग."