पार्श्वभूमी: कोकणच्या वर्गात 'श्रवण' कसे आले

जून २००० मध्ये राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. त्याआधी ती पाचवीत भेटायची. सहा वर्षांच्या मुलाला ती पेलेल का, यावर तेव्हा पुष्कळ वाद झडले. पण या मुलांनी ती आधी कानाने शिकायची आहे, अक्षरे नंतर, याकडे फारसे कुणी पाहिले नाही. ऐकणेही शिकवावे लागते, हा विचार प्राथमिक वर्गात खऱ्या अर्थाने आला तो इथून.

त्याआधीचे थोडक्यात सांगता येते. पंतोजींच्या शाळेत पाढे, पावकी, निमकी कानावरूनच पाठ होत, घरी तिन्हीसांजेला परवचा होई. कान तयार होत, पण ऐकलेले जसेच्या तसे म्हणून दाखवण्यापुरते. पुढे इंग्रजी आली ती भाषांतराच्या वहीतून.

कोकणात गुंता वाढतो, कारण किनाऱ्यावरच्या कित्येक मुलांना प्रमाण मराठीसुद्धा नीट कानी पडते ती शाळेतच. मालवणी घरातले 'माका' आणि 'खंय' वर्गात 'मला' आणि 'कुठे' होतात. रत्नागिरीकडे संगमेश्वरी, अलिबाग-उरणला आगरी आणि कोळी, डहाणू-तलासरीत वारली. पहिलीतले पोर एकाच वेळी दोन भाषांना कान लावत असते आणि त्यातली एक आपण शिकवतो आहोत, हे शिक्षकाच्याही ध्यानात नसते.

खरा घोळ 'श्रवण' या शब्दातच आहे. नवविधा भक्तीतले पहिले श्रवण, कीर्तनाला बसलेल्या आजीचे श्रवण. तोच भाव शाळेत आला: हाताची घडी, तोंडावर बोट. जे मूल हलत नाही ते ऐकते, असे धरले गेले. श्रवण, भाषण, वाचन, लेखन ही यादी डी.एड.ला प्रत्येकाने पाठ केली, पण वर्गात श्रवण तपासायची वेळ आली की हाताशी एकच साधन होते, श्रुतलेखन.

या गल्लतीत मुलांचे फार नुकसान झाले. बाई म्हणतात, 'बंदरावर होडी लागली', मूल लिहिते. 'होडी'ची वेलांटी चुकली की गुण गेला, मग होडी कुठे लागली ते त्याला पक्के कळलेले का असेना. उलट एखादी मुलगी सगळे शुद्ध लिहिते आणि काय लिहिलेस विचारले की गप्प. तपासले जाते ते लेखन. ऐकून समजले की नाही हे कळायला मुलाने काहीतरी करून दाखवावे लागते. सांगितलेले चित्र उचलायचे, सांगितल्या वाटेवर बोट फिरवायचे, सूचना ऐकून उठायचे, वळायचे. सूचना आणि कृतीची अशी पद्धत १९६०च्या दशकात अमेरिकेत मांडली गेली. तीत बोलण्याची घाई नसते. मूल ऐकत राहते, तयार झाले की बोलते.

ऐकायला द्यायचे ते रोजच्या जगण्यातले, हेही त्याबरोबर आले. पण सिग्नल आणि लिफ्ट हे दापोलीजवळच्या हर्णै बंदरातल्या मुलाचे रोजचे जगणे नव्हे. त्याचे रोजचे म्हणजे बंदरावरचा लिलाव. होड्या लागतात, मासळी उतरते, भोवती कोंडाळे होते आणि बोली चढत जाते. आईचा पदर धरून उभी असलेली पोर कुणाचा माल कितीला सुटला ते घरी येऊन बिनचूक सांगते. मी पाहिलेल्या एका वर्गात बाईंनी तेच इंग्रजीत केले. टेबलावर टोपली, तीत कागदाचे बांगडे, आणि 'फोर्टी, फिफ्टीन, फिफ्टी'. ठरलेला आकडा कानी पडला तरच टाळी. पहिल्या फेरीत 'फिफ्टीन'ला निम्म्या वर्गाने टाळ्या दिल्या. चौथ्या फेरीत एकही नाही.

पुढची वीस-पंचवीस वर्षे धावपळीची आहेत. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि तोंडी कामाला वजन मिळाले. दहावीचे मात्र उलट. भाषांचे तोंडी परीक्षेचे २० अंतर्गत गुण २०१९च्या परीक्षेला काढले, निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला, आणि पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. चर्चा सगळी टक्क्यांची झाली. ऐकण्या-बोलण्याचे काय, ते बाजूलाच राहिले. २०२० मध्ये शाळा फोनवर आली, आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. इतर ठिकाणी मुले बाईंच्या आवाजातली गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर ऐकत होती, तेव्हा इथे फोन चार्ज करायची सोय नव्हती. २०२१च्या 'निपुण भारत' या राष्ट्रीय अभियानाने मौखिक भाषा पायाभूत साक्षरतेत धरली. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय झाला, २९ जूनला तो मागे घेतला गेला. वाद पुन्हा भाषा किती, याचाच.

शाळा जूनच्या मध्यावर भरते. मासेमारी तेव्हा बंद असते, लिलाव नसतो, आणि पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की बाईंचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही. कागदी बांगड्यांचा लिलाव करणाऱ्या त्या बाई अशा वेळी मुलांना जवळ गोल करून बसवतात. शिक्षकाने प्रत्येक मुलाबद्दल लिहायच्या वर्णनात्मक नोंदींत एरवी तयार यादीतले एकच वाक्य नावापुढे नाव उतरत जाते: 'लक्षपूर्वक ऐकतो.' त्यांच्या वहीत एका मुलापुढे मी वाचले: 'फिफ्टीन आणि फिफ्टी आता वेगळे ऐकतो.'