रेंजवरील आज्ञा (नेमबाजी)

नेमबाजीच्या रेंजवर हत्यार कधी भरायचे, कधी चालवायचे आणि कधी रिकामे करायचे हे सांगणारे रेंज ऑफिसरचे ठरलेले शब्द. आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या (स्थापना १९०७, मुख्यालय म्युनिक) नियमांत ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’ आणि ‘अनलोड’ या आज्ञा मुख्य आहेत. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्या इंग्रजीतच दिल्या जातात. आपल्याकडे एनसीसीच्या फायरिंगला गेलेल्यांच्या कानात मात्र ‘भर’ आणि ‘खाली कर’ हे हिंदी शब्द बसलेले असतात.

नवख्याचा घोटाळा होतो तो ‘स्टॉप’ आणि ‘अनलोड’ यांत. ‘स्टॉप’ झाले म्हणजे गोळी झाडणे त्या क्षणी बंद. पण नळीत गोळी असेल तर हत्यार अजून भरलेलेच आहे. ते निर्धोक होते ‘अनलोड’नंतर, म्हणजे गोळी व मॅगझीन (गोळ्या ठेवायची डबी) बाहेर, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) उघडा आणि नळीचे तोंड लक्ष्याच्या दिशेला. एअर रायफल व एअर पिस्तुलात हे आणखी अवघड. आत बसलेला छर्रा काडतुसासारखा उपसून काढता येत नाही, तो झाडूनच नळी मोकळी करावी लागते. म्हणून त्यासाठी रेंज ऑफिसरची वेगळी परवानगी मागायची असते. थांबलेला नेमबाज पुन्हा ‘स्टार्ट’ ऐकल्याशिवाय सुरुवात करू शकत नाही.

‘भरलेले’ या शब्दाची नियमातली व्याख्याही कडक आहे. काडतूस, छर्रा किंवा काडतुसे असलेले मॅगझीन हत्याराला नुसते टेकले तरी ते भरलेले मानतात. ‘लोड’ येण्याआधी सरावाच्या सवयीने मॅगझीन सरकवणारा हात इथे सापडतो.

बोललेल्या आज्ञेला डोळ्यांना दिसणारी जोड म्हणजे सेफ्टी फ्लॅग. नळीचा मागचा भाग रिकामा आहे हे दाखवणारी ही भडक, बहुधा नारिंगी रंगाची पट्टी किंवा दोरी. एअर गनमध्ये ती नळीच्या पूर्ण लांबीतून आरपार जावी लागते. फायरिंग पॉइंट (नेमबाजाची ठरलेली जागा) सोडण्यापूर्वी रेंज ऑफिसर ती स्वतः पाहतो. न दाखवता हत्यार पेटीत भरणारा खेळाडू बाद होऊ शकतो. लक्ष्याच्या बाजूला माणसे असताना हत्यारांना कुणीही हात लावायचा नाही, हा नियम जगभर सारखाच.

हत्यार चालेनासे झाले तर नळी समोरच ठेवून मोकळा हात वर करायचा. वळून प्रशिक्षकाकडे पाहताना नळीही सोबत वळते, हाच धोका. कुणाला धोका दिसला तर त्याने तत्काळ रेंज ऑफिसरला सांगायचे. सुरक्षेसाठी रेंज ऑफिसर कोणत्याही क्षणी नेमबाजी थांबवू शकतो.

२५ मीटर पिस्तुलाच्या रॅपिड टप्प्यात ‘अटेन्शन’ ही आणखी एक आज्ञा येते. (कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक जिंकले.) ‘अटेन्शन’नंतर लाल दिवा लागतो, ७ सेकंदांनी हिरवा, आणि तो ३ सेकंदच राहतो. तेवढ्यात एक गोळी. असे पाच वेळा. हिरवा लागेपर्यंत हात ४५ अंशांपेक्षा वर उचलायचा नाही. इथे पहिल्या हाकेनंतरचे काम दिवेच करतात.

शॉटगनच्या ट्रॅप व स्कीट या उडत्या तबकड्या टिपण्याच्या प्रकारांत एक आज्ञा उलट दिशेने जाते: ‘पुल’ असे नेमबाज स्वतः ओरडतो. पूर्वी ती ऐकून माणूस दोरी ओढून तबकडी सोडत असे. आता मायक्रोफोन आवाज टिपतो. ट्रॅपमध्ये तबकडी लगेच उडते. स्कीटमध्ये मात्र ती ० ते ३ सेकंदांत केव्हाही येऊ शकते आणि दिसेपर्यंत बंदुकीचा दस्ता कमरेपाशीच धरावा लागतो.